शिरूरच्या हातचं पाणी

१९७२ साली मी अठरा वर्षांचा होतो, आणि त्या साली माझं नाव शिरूर पडलं. खरं नाव धोंडिबा सूर्यवंशी. पण लातूरच्या आमच्या कॉलेजचे कबड्डीचे औरादकर सर यांनी मला त्या नावानं मरेपर्यंत एकदाही हाक मारली नाही. त्यांच्या मैदानावर आलेल्या पोराचं नाव म्हणजे त्याचं गाव. कुणी निलंगा, कुणी देगलूर, कुणी मुदखेड. माझं गाव शिरूर अनंतपाळच्या अंगाचं, म्हणून मी शिरूर. आता सर गेल्यावर एक बाजू भाषणात सांगती, की आडनावावरून जात कळते म्हणून सर गावाच्या नावानं हाक मारत. दुसरी बाजू सांगती, की त्या माणसाला नावंच ध्यानात राहत नव्हती. मी पन्नास वर्षं त्यांच्याजवळ काढली. दोन्ही खरं आहे. पण दोन्ही खरं आहे म्हटलं की दोन्ही बाजू माझ्यावर रुसतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून काढतो. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन पेपरच्या पुरवणीवाल्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

सर गेल्याचा फोन मुदखेडनं केला. मुदखेड म्हणजे आताचे बळवंतराव, मुदखेडच्या मोठ्या घरातले, आमच्या काळातले सगळ्यात चलाख चढाईपटू. आता पोट सुटलंय, गुडघ्याला पट्टा असतो. मी मैदानावर फक्की चाळून राहिलो होतो. फक्की म्हणजे रेषा मारायची चुन्याची पावडर. नोकरीतून निवृत्त होऊन लई वर्षं झाली, पण रेषा अजून मीच मारतो, नव्या माणसाच्या वाकड्या येतात. मुदखेड म्हणाला, "शिरूर, सर गेले रे." आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही, राग आला. पन्नास वर्षं एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं बाकी ठेवून हा माणूस खुशाल निघून गेला. मी चाळणी तिथंच आपटली, सगळं अंग पांढरं झालं.

तो प्रश्न काय, हे कळायला दुष्काळापासून सांगावं लागतं. बहात्तरला आम्ही सगळं घर लातूरजवळ दुष्काळी कामावर खडी फोडायला होतो. बाप, आई, मी, धाकटा भाऊ. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, ती खाऊन पोरं सावलीत पडायची आणि मी दगडाच्या दोन ढिगांमध्ये रेघ ओढून कबड्डी लावायचो. एक दिवस कॉलेजची पोरं श्रमदानाला आली, बरोबर सर. पांढरी हाफ पँट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर रुमाल. एक घमेलं उचललं नाही, माझा खेळ बघत उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "घोटा धरायला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "म्हशीनं." ते हसले नाहीत. त्यांना कधीच हसू येत नसे. म्हणाले, "उद्या कॉलेजच्या मैदानावर ये. माती खोदायची, रेषा मारायच्या, आणि माझ्या पोरांना सरावाला धरायचं." मी कॉलेजात नव्हतो, त्यामुळं संघात खेळायचा प्रश्नच नव्हता. मी सरावापुरता. त्यांना तंगडी ओढणारा एक माणूस पाहिजे होता आणि तो मी निघालो, एवढीच गोष्ट. त्यात समता वगैरे मला तरी दिसली नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ते लोक भाषणात चुकीचं सांगतात. म्हणतात, सरांनी पोरांना बसवून समतेचे चार शब्द सांगितले. बिलकुल नाही. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, हे पोरांना आधीच कळलं होतं. मी चढाईला गेलो तर सात जण मागं सरले, कुणी हात लावीना. मी आरामात मागच्या रेषेला पाय लावून परत आलो. सरांनी शिट्टी मारली. "गुण शिरूरला." परत गेलो, परत तेच. "गुण शिरूरला." मुदखेड पुढं आला आणि हळूच म्हणाला, "सर, घरी कळलं तर..." सर म्हणाले, "धरायचं नसेल तर गुण दे. सारखे गुण द्यायचे असतील तर घरी जा, घरचे खूश होतील." चौथ्या दिवशी मुदखेडनं माझी कंबर अशी धरली, की दोन बरगड्या आठवडाभर दुखत होत्या. सरांना गुणापुढं दुसरं काही दिसत नव्हतं. पोरांची शिवाशिव मनातून गेली की नाही मला ठाऊक नाही. हरायची भीती मोठी निघाली, एवढं मी डोळ्यानं पाहिलं. त्याच वर्षी वसतिगृहातली आमची दोन पोरं संघात आली, तीही ह्याच हिशोबानं, धरायला पक्की होती म्हणून.

मग पाण्याचं. त्याआधी मैदानावर दोन माठ होते. एक व्हरांड्यात, एक लिंबाखाली. लिंबाखालचा कुणाचा, हे कुणी बोलून दाखवत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. दुष्काळात दोन माठांना पुरेल एवढं पाणीच येईना. टँकर येणार एक दिवसाआड. सरांनी लिंबाखालचा माठ उचलून स्टोअररूममध्ये उपडा घातला आणि नियम केला. एक माठ, एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, तांब्या, तांब्याला तोंड कुणीच लावायचं नाही, सगळ्यांनी ओंजळीनं प्यायचं, एकानं वरून ओतायचं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या आज्याला गावात असंच पाणी मिळायचं, लांबून, ओंजळीत. मी फावडं टाकलं. "सर, मी ओंजळीनं पिणार नाही. हे आमच्या घरानं सोडून दिलंय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. तांब्या माठात बुडवला, भरला, आणि माझ्या हातात दिला. मग माझ्यासमोर वाकून दोन हातांची ओंजळ केली. "ओत."

औरादच्या भिक्षुकी करणाऱ्या घरातला हा माणूस, जानवं बनियनमधून दिसून राहिलेलं, आणि माझ्यासमोर ओंजळ करून वाकलेला. बाजूला बारा पोरं बघून राहिलेली. मी ओतलं. बायाबापड्या खडीवर घागरभर पाण्यासाठी तासतासभर उभ्या राहतात, हे मी रोज बघत होतो. थेंब सांडला नाही. सर प्याले, हात तोंडावरून फिरवला आणि पोरांकडं वळून म्हणाले, "शिरूरच्या हातून थेंब सांडत नाही. ओतायचं काम ह्याचं." एवढंच. त्यानंतर एकामागं एक सगळे वाकले. मुदखेड सगळ्यात शेवटी वाकला, पण वाकला. दोन पोरांनी संघ सोडला. एकाचे वडील दुसऱ्या दिवशी टोपी सावरत आले. मी रेषा मारत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"पाणी कोण ओततं म्हणे?"

"शिरूर."

"शिरूर म्हणजे कोण?"

"शिरूर अनंतपाळ. निलंगा तालुका."

"गाव नाही विचारलं सर, माणूस विचारून राहिलो."

"टँकर कोण चालवतं, ते विचारलं का तुम्ही? आधी ते विचारून या."

गृहस्थ गेले ते आलेच नाहीत. मी हसून लोळायचा बाकी होतो आणि सर माझ्यावरच खेकसले, "रेघ बघ, वाकडी चालली." असा माणूस. चांगलं काही केलं की लगेच खेकसून त्याची चव घालवणार.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. दुष्काळ सरला, कॉलेजनं मला शिपाई म्हणून कायम केलं, आणि पुढच्या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आली. मांडव, खुर्च्या, पाहुणे, कॉलेजला जमीन देणारे एक मोठे घराणेदार. सकाळी सर माझ्याजवळ आले. माझ्याकडं न बघता, मैदानाकडं बघत म्हणाले, "शिरूर, आज पाणी मुदखेड ओतेल. तू रेषा बघ." आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मी माठ घासून, भरून, फडकं बांधून ठेवला होता. मध्यंतराला मुदखेडनं ओतलं. पाहुणेही हौसेनं ओंजळ करून प्याले, टाळ्या झाल्या, काय शिस्त, काय साधेपणा. मी अंतिम रेषेवर फक्कीचा डबा घेऊन उभा. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी तांब्या माझ्यापुढं धरला. मी डाव्या हातानं फावडं उचललं, उजव्या हातानं टोपलं, आणि खड्ड्याकडं गेलो. सर तर जिद्दी, पण मी कुणाहून कमी? त्यांनी दुसऱ्या कुणाला तांब्या दिला नाही. त्या दिवसापासून स्वतःच ओतायला लागले. आणि मी घरून बाटली आणायला लागलो. दहा वर्षं त्या मैदानावर रोज हा माणूस पोरांना वाकून पाणी पाजून राहिला आणि रोज शेवटी माझ्याकडं एकदा बघून राहिला, आणि मी रोज माझी बाटली काढून प्यालो. एका ब्राह्मणाच्या हातच्या पाण्याला मी दहा वर्षं शिवलो नाही. आता कधी कधी वाटतं, त्या मैदानावरची शेवटची शिवाशिव मीच पाळली. पण तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा माझी इज्जत होती ती.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या संघात यायचं तर उस्मानाबादेला निवडीला जावं लागायचं, आमच्या पोरांना कोण विचारतो तिथं. आता आपला जिल्हा, आपला संघ, आणि निवडायला औरादकर सर. ह्या संघाला कॉलेजची अट नव्हती. मी अठ्ठावीसचा. दहा वर्षं सगळ्यांना सरावाला धरून धरून तयार केलं, आता एकदा स्वतःच्या छातीवर लातूर लिहून खेळायचं, एवढं एकच मनात होतं. निवडीच्या दिवशी मी तिघांना उचलून आपटलं. सरांनी यादी वाचली. बारा नावं, म्हणजे बारा गावं. त्यात चार पोरं आमची, बौद्धांची. शिरूर नाही.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझं काय चुकलं?"

"गुडघा," सर म्हणाले. "दुसऱ्या डावात लंगडत होतास. नांदेडला तुला अर्ध्या तासात मोडून टाकतील."

गुडघा खरंच गेला होता. हे आज लिहितो, तेव्हा मान्य केलं नाही. मग ते जवळ आले, आवाज खाली घेतला, आणि काय बोलावं? "पहिला सामना नांदेडला आहे. कलेक्टर येणार, सगळे येणार. तू पाणी ओतायला ये."

मला वाटलं, कानशिलात मारली. खेळाडू म्हणून नाही, पाणक्या म्हणून ये. मी म्हणालो, "तुमचा तांब्या तुम्हीच सांभाळा," आणि निघालो. संघ नांदेडला गेला. मी त्या दिवशी रिकाम्या मैदानावर दोनदा रेषा मारल्या.

त्या नांदेडच्या सामन्यातला एक फोटो आहे. त्यावरूनच सगळा बखेडा. सर वाकून तांब्यानं पाणी ओतून राहिले, समोर लातूर लिहिलेल्या बनियनमधली पोरं ओंजळी करून उभी, मागं साहेब लोक. सर गेल्यावर मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष मुदखेड. त्यानं तो फोटो दारापेक्षा मोठा करून आणला आणि खाली लिहिलं, समतेचं पाणी पाजणारे गुरुवर्य. आणि विरोधाला कोण, तर माझाच पुतण्या मिलिंद, त्याच कॉलेजात प्राध्यापक. त्यानं तोच फोटो हातात धरला. "तात्या, नीट बघा. तांब्या कुणाच्या हातात आहे? ह्यांच्याच. पोरं कशी पिऊन राहिली? पणज्याला पाजायचे तशी. एका तरी आपल्या माणसाच्या हातात ह्यांनी तांब्या दिला का?" मी म्हणालो, "दिला होता. माझ्या." तो म्हणाला, "मग काढून का घेतला?" आता ह्याला काय सांगू! मुदखेडकडं गेलो, तर तो म्हणतो, "शिरूर, तुझ्या हातात दिला होता तेवढंच सभेत सांग. फायनलचं काढू नको, कशाला माणूस गेल्यावर." मिलिंद म्हणतो, "फायनलचं तेवढं सांगा. बाकी त्यांचे लोक सांगतीलच." दोघांनाही माझा अर्धा अर्धा माणूस पाहिजे. अहो, अर्धा माणूस जाळता येतो का?

ते उत्तर मी सरांना विचारलं नव्हतं असं नाही. ते जायच्या बारा दिवस आधी गेलो होतो. सर खाटेवर, भिंतीकडं तोंड. त्यांच्या मुलीनं सांगितलं, "बाबा, शिरूरकाका आलेत." मी बसलो. म्हटलं, आता नाही तर कधी.

"सर, एक विचारायचं होतं. त्या फायनलला माझ्या हातातला तांब्या का काढून घेतला?"

तोंड न वळवता म्हणाले,

"कोणती फायनल?"

"दुष्काळानंतरची. आपल्या मैदानावरची. पाहुणे आले होते."

"जिंकलो का आपण?"

"जिंकलो."

"कितीनं?"

"तीन गुणांनी."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि डोळे मिटले.

खरंच विसरले, की नाटक करून राहिले, देव जाणे. आणि देव मी मानत नाही, म्हणजे कुणीच न जाणे. पन्नास वर्षं मी जे उरावर घेऊन फिरलो, त्याचा निकाल तीन गुणांत लावला. मुलीनं पाणी आणलं होतं. "घ्या काका." मी घेतलं नाही. उठलो, चपला शोधून राहिलो, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, स्पष्ट, शिट्टीच्या आधी यायचा तसा.

"शिरूर. नांदेडला आला नाहीस तू."

म्हणजे ते बरं ध्यानात होतं! कलेक्टर, साहेब, सगळ्यांच्या समोर... मी उंबऱ्यात उभा राहिलो. काढून घेतलेला तांब्या ह्या माणसाला त्याहून मोठ्या मांडवात परत द्यायचा होता. तोंडानं माफी मागायची ह्याला सवय नव्हती, म्हणून अख्ख्या नव्या जिल्ह्यासमोर माझ्यापुढं वाकायचं ठरवलं होतं. आणि मी गेलो नाही. त्या फोटोत जिथं ते उभे आहेत, ती जागा माझी होती. हे सगळं एका झटक्यात डोक्यात आलं आणि तोंडातून काय निघालं? मी म्हणालो, "गुडघा दुखत होता, सर." त्यांचंच उत्तर त्यांना. त्यांचा खांदा हलला. हसले असतील, खोकला आला असेल. मी निघून आलो. तेच शेवटचं बोलणं.

मैदानाच्या नावाची सभा सर गेल्यावर तीन आठवड्यांनी झाली, कॉलेजच्याच सभागृहात. समोर मुदखेड, मागच्या रांगेत मिलिंद आणि त्याची कॉलेजातली पोरं. मला बोलायला उठवलं. मी माईक धरला नाही, मैदानावर ओरडायची सवय आहे. म्हणालो, "तांब्या माझ्या हातात त्यांनीच दिला. काढून त्यांनीच घेतला. परत द्यायला निघाले तेव्हा मी घेतला नाही. हे तीन आहे. तिन्ही लिहिणार असाल तर मैदानाला नाव द्या. एक लिहून दोन खोडणार असाल, तर त्या फलकावर मी रोज सकाळी फक्की ओतीन."

टाळ्या झाल्या नाहीत. मुदखेड बाहेर येऊन म्हणाला, "सगळा विचका केलास, शिरूर." मिलिंद म्हणाला, "तात्या, तुम्ही शेवटी त्यांनाच वाचवलं." मी दोघांना म्हणालो, "तुम्ही दोघं एकदा मैदानावर या, एकमेकांचा घोटा धरा, मग बोला." घरी येऊन जेवलो नाही. फलकावर काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला मैदानावर गेलो. स्टोअररूममध्ये खिळ्याला तो तांब्या अडकवलेला असतो, बुडाला चेपलेला. आता पोरं आपापल्या बाटल्या आणतात, त्याला कुणी हात लावत नाही. मी तो काढला, मातीनं घासला, नळाखाली धुतला, भरला. तोंड लावून प्यालो असतो तरी बघायला कुणी नव्हतं. पण त्या मैदानावर तांब्याला तोंड लावत नाहीत. उजव्या हातात तांब्या धरला, डाव्या हाताची ओंजळ केली आणि वाकलो. एका हाताची ओंजळ ती, निम्म्याहून जास्त पाणी मातीत सांडलं. उरलं तेवढं प्यालो. मग तांब्या खिळ्याला अडकवला आणि ओल्या मातीवरून रेषा मारायला घेतल्या.